लाल पडणाऱ्या व्हॉल्व्हचं प्रकरण

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून जानेवारीच्या शेवटी माझ्या दुकानावर एक ॲम्प्लिफायर आला. मोटरसायकलवर, युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून, वरून सुतळी. माझ्याकडे एरवी मोटरपंपाचे स्टार्टर, इन्व्हर्टर आणि टीव्ही येतात. व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचं, काम वर्षाकाठी पाच-सात, त्यातलेही निम्मे रेडिओ. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते एवढ्यासाठी, की माणूस "कोणता व्हॉल्व्ह घेऊ?" हा प्रश्न घेऊन आला होता आणि मी तीन आठवडे त्याचं उत्तरच दिलं नाही.

ॲम्प्लिफायर एका निवृत्त गुरुजींचा. त्यांच्या थोरल्या भावाने तो १९६६ साली नागपुरात राहून स्वतः बांधला होता. मुलार्ड कंपनीने १९५०च्या दशकात जो 'फाइव्ह-टेन' नकाशा छापला, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, त्यावरून. सुरुवातीला ईएफ८६ नावाचा व्हॉल्व्ह, मग ईसीसी८३, शेवटी स्पीकर चालवणारी ईएल८४ ची जोडी, आणि एसीचा डीसी करायला रेक्टिफायर ईझेड८१. एकच चॅनेल, एकच स्पीकर, सागवानाच्या खोक्यात. भाऊ गेले, पण गुरुजी रोज रात्री साडेनऊ ते अकरा त्यावर रेकॉर्डी ऐकतात. वसंतराव देशपांडे लागले की "आपल्या मूर्तिजापूरचा माणूस" हे वाक्य ठरलेलं.

तक्रार

तक्रारीची सुरुवात दिवाळीत झाली होती, आणि त्यात माझाही हात होता. तेव्हा गुरुजींचा फोन आला: आवाज अर्ध्या तासाने फाटतो आणि एका व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल दिसतो. मी दुकानात घाईत होतो. म्हणालो, "गुरुजी, जोडी म्हातारी झाली, नवी मागवा." नातू पुण्याला असतो, त्याने स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीची जुळवलेली जोडी मागवून पाठवली. पंधरा दिवस बरे गेले. मग एके रात्री नव्यातलाही एक लाल पडला आणि फ्यूज उडाला.

"भाऊ, हे डुप्लिकेट निघाले पाहा," गुरुजींसोबत आलेला शेजारी म्हणाला. "ऑनलाइनवाल्यायचा काय भरोसा हाय?"

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून डबी काढली. त्यात घरच्याच कापसात गुंडाळलेले दोन्ही नवे व्हॉल्व्ह होते. एकाच्या काचेवर आतून तपकिरी झाक आली होती. दुसरा ठीक दिसत होता. दोघांच्याही टोकाला आतून जो आरशासारखा चकचकीत डाग असतो, गेटर, तो चांदीसारखाच होता. हवा शिरली असती तर तो दुधासारखा पांढरा पडला असता. म्हणजे काच फुटलेली नाही, माल भंगार नाही. कुणीतरी त्याला भाजलंय, आणि ते भाजणारं माझ्यासमोर पोत्यात बसलं होतं.

तपास

आधी सिरीज बल्ब लावून चालू केला, मग थेट. माझ्या दुकानात त्या वेळी २२८ व्होल्ट होते. ईएल८४ च्या दोन्ही कॅथोडना, म्हणजे आतला करंट जिथून निघतो त्या भागांना, वेगवेगळे २७० ओहमचे रेझिस्टन्स होते आणि माझ्या कामाला हे फार सोयीचं पडलं. रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडतात ते मोजायचं, २७० ने भागायचं, की त्या व्हॉल्व्हमधून किती करंट जातोय ते कळतं. व्हॉल्व्ह काढायला नको, वायर तोडायला नको.

वीस मिनिटांनी डाव्या बाजूला १०.८ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर. या सर्किटला जेवढा पाहिजे तेवढाच. उजव्या बाजूला १७ व्होल्ट. म्हणजे ६३ मिलिअँपिअर. ईएल८४ ची प्लेट, म्हणजे तोच आतला पत्रा, १२ वॅटपर्यंत उष्णता सोसते; इथे हिशेब साडेपंधराच्या आसपास जात होता. खोलीतला दिवा बंद केला. उजव्या व्हॉल्व्हच्या राखाडी पत्र्याच्या शिवणीवर आधी विडीच्या टोकासारखा एक ठिपका उगवला, मग तो खाली पसरत गेला. बंद केलं.

थंड झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. पुन्हा वीस मिनिटं. १७ व्होल्ट उजवीकडेच राहिले. दोष व्हॉल्व्हसोबत फिरला नाही, सॉकेटपाशीच बसून राहिला. दिवाळीत फोनवर सल्ला देण्याआधी मी एवढंच करायला सांगितलं असतं तर एक चांगला व्हॉल्व्ह वाचला असता.

पुढची चाचणी: उजवा व्हॉल्व्ह काढून ठेवला आणि सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर (करंटला लगाम घालणारी आतली जाळी), डीसी मोजला. तिथे शून्य पाहिजे. व्हॉल्व्ह काढूनच मोजायचं, कारण आत वायू झालेला व्हॉल्व्हसुद्धा ग्रिडला पॉझिटिव्ह ओढतो आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. रिकाम्या सॉकेटवर मला ८ व्होल्ट मिळाले. ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम, तेव्हा गळती झाली जेमतेम १७ मायक्रोअँपिअर. एवढीशी गळती, पण तिने ग्रिडचं बायस, म्हणजे तो लगाम, खाल्लं आणि प्लेट लाल केली.

गळत होता कपलिंगचा कंडेन्सर, आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा. मूळचाच, कागदी, मेणात बुडवलेला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ पर्यंत जातो, त्यात हा कंडेन्सर व्हॉल्व्हच्या बुडाशी. त्याचं मेण केव्हाचं वितळून चासीवर ओघळलं होतं आणि त्या ओघळात एक मुंगी अडकून वाळली होती. गार असताना हाच कंडेन्सर दोन व्होल्टच गळायचा. तापला की आठ. म्हणून आवाज पहिल्या मिनिटाला नाही, अर्ध्या तासाने फाटायचा. दोन्ही बाजूंचे कंडेन्सर बदलले, ६३० व्होल्टचे मायलर लावले. उजवी बाजू लगेच १०.९ वर आली.

इथे थांबलो असतो तर हे प्रकरण अर्ध्या पानात संपलं असतं. पण ईझेड८१ कडे बघताना काहीतरी खटकलं. काच जरा बुटकी वाटली. छाप पुसला होता. काचेवर तोंडाची वाफ सोडली, तेव्हा क्षणभर अक्षरं उमटली: ईझेड८०. मधल्या काळात कुणीतरी बदलला असणार. दोघांच्या पिना सारख्या, सॉकेटमध्ये बसतो, चालतोही. पण ईझेड८० ला ९० मिलिअँपिअरपर्यंतच करंट द्यायची मुभा आहे, ईझेड८१ ला १५०. हा ॲम्प्लिफायर धड असताना सुमारे ८३ खातो, आणि एक व्हॉल्व्ह लाल पडला की शंभराच्या वर जातो. बिचारा ईझेड८० कसा टिकला, त्यालाच ठाऊक. माझ्या डब्यात एका मोडीत निघालेल्या रेडिओग्रामचा ईझेड८१ होता, तो बसवला. "व्हॉल्व्ह कायले, दोन डायोड मारून द्या ना," असं शेजाऱ्याने सुचवलं. डायोड मारले की व्होल्टेज आणखी वीस-तीसने चढतं आणि तेही बाकीचे व्हॉल्व्ह गरम होण्याच्या आधीच. आपल्याला उतरवायचं होतं. का, ते पुढे.

ॲम्प्लिफायर परत न्यायला गुरुजी आले तेव्हा मी सहज विचारलं, घरी रात्री लाइट किती असते? म्हणाले, "बल्ब तर चांगला लखलखीत असतो." लखलखीत हा शब्द ऐकून मीच त्यांच्यासोबत गावी गेलो.

गुरुजींचं घर डीपीच्या अगदी पाठीमागे आहे. रब्बीचे दिवस. दुपारी चारला, सगळ्यांच्या मोटरी सुरू असताना, त्यांच्या बोर्डावर १९५ व्होल्ट मिळाले. रात्री साडेदहाला, मोटरी बंद आणि गाव झोपलेलं, २५४. आणि गुरुजींची गाण्याची वेळ नेमकी तीच. ॲम्प्लिफायर लावून मोजलं: हीटरवर, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेवर, ६.३ ऐवजी ७.१ व्होल्ट, प्लेटवर ३४८. ईएल८४ ला हीटर दहा टक्के खाली-वर चालतो, म्हणजे ६.९ च्या आत. प्लेट आणि कॅथोडमधलं व्होल्टेज ३०० च्या आत पाहिजे. इथे ते ३३६ होतं. कंडेन्सर नसता गळला तरी या घरात कोणतीही जोडी लवकर म्हातारी झाली असती, दहा हजारांची असो की हजाराची.

आजी चहा ठेवून म्हणाल्या, "गाणं बंद झालं तं यायले झोप नाही येत. रातभर कूस बदलत रायतात." माझ्यावर एवढा दबाव पुरेसा होता.

ट्रान्सफॉर्मर भावाने हौसेने चांगला घेतला होता. मागे लाइटची वायर जोडायला तीन टॅप: २१०, २३०, २५०. वायर २३० वर होती. ती २५० वर नेली. रात्रीच्या २५४ ला हीटर साडेसहावर आला, प्लेट ३२० वर. अजून थोडं जास्तच. मग रेक्टिफायरच्या पुढे, डीसीच्या वाटेत, १८० ओहमचा पाच वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स टाकला. साधारण ८५ मिलिअँपिअरला तो पंधरा-सोळा व्होल्ट खातो आणि स्वतः दीड वॅटच्या आत तापतो. प्लेट ३०४, त्यातून कॅथोडचे अकरा वजा, उरले २९३. मर्यादेच्या आत.

दुपारी मात्र याच टॅपवर हीटर पाचपर्यंत खाली जाईल, आणि उपाशी हीटरने कॅथोड खराब होतो. म्हणून बोर्डावर लाल आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर लावून दिला आणि नियम सांगितला: २२५ च्या खाली आकडा असेल तर गाणं नाही. रिलेचा स्टॅबिलायझर गुरुजींकडे होता, फ्रीजचा. तो लावून पाहिला. प्रत्येक वेळी रिले पलटला की स्पीकरमधून टक् असा आवाज. आलापात ते कोण सहन करणार? काढून टाकला.

पर्याय आणि निवड

आता कुठे व्हॉल्व्ह कोणता, हा प्रश्न विचारण्यालायक झाला. नातवाने पुण्याहून मोबाइलवर भली मोठी यादी पाठवली होती. त्यातला वरचा पर्याय जुन्या इंग्लिश मुलार्डचा. ईएल८४ हा व्हॉल्व्ह फिलिप्सच्याच घराण्यातून १९५३ च्या सुमारास आला आणि मुलार्ड त्याच घराण्यातली, म्हणून त्या नावाला मान आहे. पण न वापरलेली खरी जोडी घ्यायची तर आजच्या भावाने तीन क्विंटल सोयाबीन विकावं लागेल, आणि बाजारात छाप पुसून नवा छाप मारलेला माल भरपूर. खऱ्या जुन्या मालाच्या काचेला बुडाशी कोरलेली बारीक अक्षरं असतात, ती फोटोत दिसत नाहीत. शिवाय आज मुलार्ड नावाने जे नवे मिळतात ते रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यातले. वाईट नाहीत, पण ज्या नावासाठी पैसे मोजायचे ते हे नव्हे. गुरुजींनी विचारलं, "आवाजात फरक पडेल का?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, तुमच्या रेकॉर्डच्या खरखरीपेक्षा कमी.

दुसरा पर्याय मला स्वतःला मोहात पाडत होता: रशियन ६पी१४पी-ईव्ही, लष्करी कामासाठी बनवलेला दणकट प्रकार. अमेरिकन ७१८९ च्या जातीचा, ज्याची प्लेट ४०० व्होल्टपर्यंत सोसते. टॅप न बदलता, हा टाकून मोकळं व्हावं, असं मनात आलंच. पण दोन गोष्टी. एक, ४०० हा आकडा प्लेटचा. स्क्रीनची, म्हणजे ग्रिड आणि प्लेटमधल्या दुसऱ्या जाळीची, मर्यादा वेगळी असते, आणि या सर्किटमध्ये स्क्रीन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवरच जोडलेला, म्हणजे जवळपास प्लेटएवढ्याच व्होल्टेजवर. दोन, हीटर. तो रशियन असला तरी ६.३ व्होल्टचाच, ७.१ त्यालाही जास्त. घरातल्या लाइटची तक्रार काचेवरचं नाव बदलून मिटत नाही. व्होल्टेज उतरवल्यावर त्याची गरज राहिली नाही.

जेजेचीच नवी जोडी घ्यावी हाही सरळ मार्ग होता. तिचा काही दोष नव्हता, भाजली आपणच. पण गुरुजींनी नातवाला पुन्हा खर्चात घालायला नकार दिला.

म्हणून मी नागपूरला गेलो. सीताबर्डीत एका जुन्या रेडिओवाल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा (बीईएल) माल अजून सापडतो. बेंगळुरूची ही सरकारी कंपनी १९५४ ची, आणि १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने तिने रेडिओचे व्हॉल्व्ह काढले. आपल्या पिढीने घरोघरच्या रेडिओत जे व्हॉल्व्ह पाहिले त्यातले किती तरी हेच. दुकानदाराने आधी ईएल८६ पुढे केला: "एक नंबर पुढचा हाय, पावर जास्त." हे मुद्दाम सांगतो, कारण नाव जवळचं असल्यामुळे माणूस फसतो. ईएल८६ कमी व्होल्टेजच्या सर्किटसाठी केलेला वेगळाच व्हॉल्व्ह, इथे तीनशेवर लावला तर सोसणार नाही. यादीत ६बीक्यू५ लिहिलेलं दिसलं तर मात्र घाबरू नये, ते ईएल८४ चंच अमेरिकन नाव.

चार बीईएल निवडले. पिना उजेडात धरून पाहिल्या. सॉकेटमध्ये आत-बाहेर झालेल्या पिनेवर उभ्या रेघा येतात. दोघांच्या पिना कोऱ्या होत्या, तिसऱ्याला एक-दोन रेघा, चौथा उघड वापरलेला. तोही घेतला, कारण वापरलेला म्हणजे संपलेला नव्हे. चार मिळून दीड हजार.

दुकानावर डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करायचं यंत्र) लावून पुरवठा २५० वर पक्का केला. डाव्या सॉकेटमध्ये वाचलेला जेजे तसाच ठेवला, म्हणजे बाकीचा भार बदलणार नाही, आणि उजव्या सॉकेटमध्ये चारही बीईएल एकामागून एक. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. २७० ओहमवर आकडे आले: १०.७, ७.६, १०.४, १०.६. सात-पॉइंट-सहा आला तो कोऱ्या पिनांचा! आणि १०.६ आला तो वापरलेला. डबा उघडलेला नाही म्हणून माल चांगला, ही समजूत माझीही होती. त्या दिवसापासून नाही.

एक बारकावा. कॅथोडला स्वतःचा रेझिस्टन्स असला की व्हॉल्व्ह आपला करंट स्वतःच सावरतो, त्यामुळे दोघांतला फरक असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून अशा मोजणीत दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त फरक असलेली जोडी मी लावत नाही. १०.७ आणि १०.६ ही जोडी ठरली. करंट साडेएकोणचाळीसच्या आसपास, त्यातला पाचेक स्क्रीनचा, उरलेला प्लेटचा: दहा वॅट. मर्यादा बारा. १०.४ चा राखीव.

"सगळेच बदलून टाका ना, एकदाच," असं गुरुजी म्हणत होते. ईएफ८६ वर पेन्सिलीने टिचकी मारून पाहिली. स्पीकरमध्ये जेमतेम टुक्. ईसीसी८३ ला तर हात लावायचं काही कारणच नव्हतं. दोन्ही भावाने बसवलेले, तसेच ठेवले. डीसी सपाट करणारा गाळणीचा मोठा कंडेन्सर फुगला होता, तो बदलला. पहिला ४७ मायक्रोफॅरडचाच लावला, कारण ईझेड८१ च्या पुढे ५० पेक्षा मोठा लावायची परवानगी नाही. आजकाल मोठा लावला की घूं कमी होतो म्हणून शंभर-दोनशेचे लावतात आणि मग रेक्टिफायरला नावं ठेवतात.

नंतर

मागच्या पट्टीवर मी दोन छोटी छिद्रं पाडून कॅथोडचे दोन टोक बाहेर काढून दिले आणि गुरुजींना एक साधा मल्टिमीटर दिला. तिथे फक्त अकरा व्होल्ट असतात, बोट लागलं तरी भीती नाही. आतला भाग मात्र उघडायचा नाही, बंद केल्यावरही नाही, हे तीनदा बजावलं. दोन्ही आकड्यांत एका व्होल्टचा फरक पडला तर फोन करायचा, एवढंच सांगितलं होतं.

मार्चच्या शेवटी त्या बाजूला एका स्टार्टरच्या कामाला गेलो तेव्हा डोकावलो. गुरुजींनी शाळेच्या हजेरीसारखी शंभर पानी वही आखली होती. तारीख, लाइट, डावा, उजवा, आणि शेवटच्या रकान्यात काय ऐकलं ते. डावा १०.६, उजवा १०.५. डावा १०.६, उजवा १०.६. खाली खाली तेच. शिवरात्रीच्या रात्री लाइटच्या रकान्यात २५९ होते आणि पुढे लाल शाईने लिहिलं होतं: वाजवला नाही. दोन रात्री सगळ्या रकान्यांतून एकच आडवी रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, "लाइट नव्हती. भजनं तोंडीच म्हटली."